नाकाचा फर्मा

मी माणसावर चटकन विश्वास ठेवत नाही. टपरीवर चहा पिताना कुणी जरा जास्तच गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप वरच्या खिशाकडं जातो. बायको म्हणते, तुम्ही देवळात हात जोडता तेसुद्धा एक डोळा चपलेवर ठेवून. खोटं नाही ते. एकदा नवी कोरी चप्पल गेली होती, मग काय करणार?

धंदा म्हणाल तर गाड्यांना नवं रूप द्यायचा. कुपवाडला माझी शेड आहे. जुनी जीप, जुनी मोटार आणायची, अंगावरचा पत्रा उतरवायचा आणि सांगाड्यावर नवा चेहरा चढवायचा. आमच्याकडं लोक त्याला नुसतं ‘मॉडिफाय’ म्हणतात. परदेशात ह्याला हॉट रॉड म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं, तेही सांगलीतल्या एका रद्दीच्या दुकानात मिळालेल्या फाटक्या इंग्रजी मासिकामुळं. छप्पर कापलेल्या, नाक लांब केलेल्या बुटक्या गाड्या होत्या त्यात. इंग्रजी मला येत नव्हतं, पण चित्रं येत होती. ते मासिक मी घरी गादीखाली ठेवायचो. दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर, ही भीती.

वडील लष्करात ड्रायव्हर होते. त्यांची फार इच्छा होती मी भरती व्हावं, पण छाती दोन बोटं कमी भरली आणि मी ट्रॉल्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला लागलो. तिथंच पत्र्याशी सोयरीक जुळली. पुढं पलूसच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी लष्कराच्या लिलावातली जीप आणली आणि वडिलांच्या ओळखीनं माझ्यापुढं उभी केली. म्हणाले, ‘हिला लग्नात नेली तर लोकांनी नुसतं वळून बघायचं न्हाई, मान मोडली पायजे.’ तेवढी एकच सूचना. मी महिनाभर त्या जीपभोवती फिरत राहिलो.

त्याच जीपच्या वेळी माझे मिस्त्री माझ्याकडं आले. कडेगावकडचे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, बोलणं कमी, पण पत्रा त्यांच्या हातात कणकेसारखा वळायचा. वाळूची पिशवी घ्यायची, तिच्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्यानं टक टक टक. दुपारपर्यंत त्या सपाट पत्र्याला गाल फुटायचे. ते मला मालक म्हणायचे, मी त्यांना मिस्त्री. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांना दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आणि आता जे सांगतोय ते एवढंच, की बावीस वर्षांचा हा माणूस चोर आहे की नाही, हा प्रश्न मला पडला आणि मी तो कसा सोडवला.

आमची कामाची पद्धत अशी. मी फ्रीजची, कपाटाची मोठी खोकी आणतो. त्यांचा पुठ्ठा गाडीच्या मापाला कापतो, गाडीच्या पुढं बांधतो आणि रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन बघतो. परत येऊन ब्लेडनं जरासा तासतो. परत पलीकडं. समोरच्या कारखान्यातल्या बायका हसतात, म्हणतात हा माणूस दिवसभर रस्ताच ओलांडतो. पुठ्ठा मनासारखा झाला की त्याबरहुकूम पातळ पत्रा कापायचा. तो फर्मा. फर्मा मिस्त्रींच्या हातात गेला की माझं काम संपलं, त्यांचं सुरू.

ह्या सगळ्यात माझं म्हणून एकच काय ते आहे, ते म्हणजे नाक. दोन दिव्यांच्या मधून खाली उतरणारा पत्रा आणि दिव्यांवर झुकलेल्या दोन भुवया. गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी वाटते. हे नाक सापडायला मला तीन वर्षं लागली. लोक पुण्याहून, बेळगावहून येतात आणि म्हणतात, ‘ते तसलं नाक पायजे.’ त्या नाकाचा फर्मा मी लोखंडी कपाटात ठेवतो. कुलूप एक, किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, एक मिस्त्रींच्या.

तर त्या वर्षी, तुळशीची लग्नं होऊन लग्नसराई सुरू झाली होती, आणि मी पलूसला एका लग्नाला गेलो. दुपारी परण्या निघाला. नवरदेव मारुतीला चाललेला, पुढं हलगी, मागं बँड, आणि नवरदेव एका उघड्या जीपवर. आधी मला ते नाकच दिसलं. छाती फुगली. म्हटलं, बघा, आपली गाडी. आणि दुसऱ्याच क्षणी रंग दिसला. हिरव्या रंगाची गाडी मी आयुष्यात केली नव्हती.

गर्दीत घुसलो. नवरदेवाच्या मित्रांना वाटलं पाहुणे नाचायला आले, त्यांनी मला ओढलं. त्यांचे हात सोडवून मी गाडीपाशी वाकलो. उतार तोच, भुवया त्याच. फक्त उजव्या भुवईखाली पाच रिव्हेट होते, पत्र्याला पत्रा जोडायचे ते गोल डोक्याचे खिळे, चार चौफेर आणि एक मधे. तिथं रिव्हेट असायचं काही कारणच नव्हतं. मागं ना पट्टी, ना कसला आधार. उगीच मारलेले. मी ड्रायव्हरला विचारलं, कुठं केली रं गाडी? तो म्हणाला, ‘हितंच केली मामा, हायवेच्या कडंला. ह्ये नाक लई फेमस हाय आता, तुमाला म्हाईत न्हाई?’

मला माहीत नाही! च्यायला, मला!

जेवलो नाही. अक्षता टाकल्या आणि निघालो. कुपवाडला येईपर्यंत डोक्यात एकच हिशेब चालू होता. किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला. मग दुसरी कुणाच्या? आणि ते रिव्हेट! मिस्त्रींची जुनी खोड होती. जोड मजबूत होईल का, अशी शंका आली की ते एखादा रिव्हेट जास्त मारायचे. मी कितीदा ओरडलो असेन, मिस्त्री, गाडीला गोंदण करू नका. आणि त्यांचा मेव्हणा पलूसजवळ वेल्डिंगचं दुकान चालवतो, हे मला त्या वाटेत आठवलं. बस्स, सगळं जुळलं. मला वाटलं, ह्या माणसानं माझं नाक विकलं आणि वर आपली सही ठोकली.

दुसऱ्या दिवसापासून मी मिस्त्रींना बघायला लागलो. बावीस वर्षांत बघितलं नव्हतं इतकं. ते दुपारी फोनवर बोलायला शेडच्या मागं जायचे. का जायचे? समोर काय अडचण होती? ‘घरी बोलत होतो’ म्हणाले. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन होता, त्यात फोटो निघत नव्हता. ह्यानं खरं तर माझी शंका फिटायला पाहिजे होती. पण मी म्हटलं, एवढा चांगला पगार घेणारा माणूस असला फोन का वापरतो? म्हणजे दुसरा असणार. घरी लपवलेला.

मग मी सापळा लावला. एका नव्या गाडीसाठी खोटाच फर्मा कापला, भुवई उलटी, वर गेलेली. फक्त मिस्त्रींना दाखवला आणि कपाटात ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘मालक, ह्यी गाडी इचारात पडल्यागत दिसंल. ऱ्हाऊ द्या.’ पुढं दोन महिने मी सांगली, तासगाव, कडेगावच्या रस्त्यांवर प्रत्येक जीपच्या तोंडाकडं बघत हिंडलो. तसली भुवई कुठंच दिसली नाही. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. मला वाटलं, बघा, फसला नाही. किती पक्का आहे!

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तशीच थांबली. म्हणाली, ‘सरळ विचारा की त्यांना. बावीस वर्षांत एक खिळा तरी गेलाय का आपला?’ मी म्हटलं, तुला कळत नाही, छोटं न चोरणाराच मोठं चोरतो. ती परत भाकरी थापायला लागली. सरळ विचारायचं म्हणजे उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि मला उत्तर नको होतं, पुरावा पाहिजे होता.

उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी साडेपाचला कामं थांबली. वेल्डर आणि पेंटर हात धूत होते. मिस्त्रींनी नेहमीची रेक्झिनची पिशवी खांद्याला लावली. ती मला जरा फुगलेली वाटली. तोंडातून शब्द गेलाच.

‘मिस्त्री, पिशवी बघू जरा.’

ते आधी हसले. त्यांना वाटलं चेष्टा. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसू गेलं. नळ चालूच राहिला, वेल्डर बंद करायचं विसरला. मिस्त्रींनी पिशवी टेबलावर ठेवली. डबा काढला. मी सांगितलं नसताना त्यांनी एकेक झाकण उघडून दाखवलं. एका पुडात उरलेली अर्धी भाकरी होती. मग टॉवेल काढून झटकला. आणि तळाशी पुठ्ठा होता.

मी झडप घातली. आमच्याच खोक्याचा पुठ्ठा, तपकिरी, कडेनं नीट कापलेला. म्हटलं सापडला! उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरला, काही रेघा मारल्यात का बघितलं. तो पावलाच्या आकाराचा होता. तसेच दोन होते, डावा आणि उजवा.

‘बुटाचं तळ गेल्यालं हायत,’ मिस्त्री म्हणाले. ‘आत घालाय घेतलं. टाकून दिल्याल्या पुठ्ठ्यातलं हाय.’

तेवढ्यावर तरी मी थांबायचं की नाही? नाही थांबलो. मी विचारलं, ‘आणि पलूसचं नाक कुणी केलं?’ त्यांना काही कळलंच नाही. कसलं नाक, म्हणाले. मग मी सगळं बोललो. परण्या, हिरवी जीप, पाच रिव्हेट, मेव्हणा, किल्ली. बोलताना आवाज चढत गेला तो माझा मलाच आवरेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कमरेची किल्ली सोडली आणि डब्याच्या झाकणावर ठेवली, आणि झाकण आपलं आहे हे लक्षात आल्यावर उचलून टेबलावर ठेवली. डबा लावला. ते दोन पुठ्ठे तिथंच सोडले.

‘उद्यापास्नं येत न्हाई मालक.’

एवढंच. ते गेल्यावर पेंटर माझ्याकडं बघत नव्हता आणि वेल्डरनं नळ बंद केला. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली, हे सांगितलंच पाहिजे. चोर गेला, आता नाक सुरक्षित आहे, असं वाटलं. मेव्हण्याच्या दुकानावरून मी दोनदा मुद्दाम गेलो. तिथं उसाच्या ट्रॉल्या आणि घरांची फाटकं बनत होती. तरी वाटलं, दाखवायला ठेवली असतील.

पावसाळाभर दोन मिस्त्री आले आणि गेले. एकानं नाक केलं ते सर्दी झाल्यासारखं सुजलेलं. दुसरा चांगला होता, पण फर्म्यावर बोट ठेवून ‘हे असं का’ म्हणून विचारायचा, आणि विचारणारा माणूस मला शेडमध्ये नको होता. गाड्या साठत गेल्या. गिऱ्हाइकं फोन करायची, मी पावसावर ढकलायचो.

मग नवरात्र आलं आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कुपवाडला त्या दिवशी यंत्रं बंद, प्रत्येक शेडचं शटर सताड उघडं. लेथला हार, वेल्डिंग मशीनला हार. येईल त्याच्या हातावर प्रसाद ठेवायचा, ओळखीचा असो नसो. शेजारच्या शेडमधले येतात, आपण त्यांच्याकडं जायचं. मीही दरवर्षी हातोडे, कात्र्या, वाळूची पिशवी सगळं चौरंगावर मांडतो. आणि कपाट उघडून फर्मे बाहेर काढतो, पुसतो, भिंतीला टेकवून ओळीनं उभे करतो. माझं खरं हत्यार तेच की. मधोमध नाकाचा फर्मा, त्याला झेंडूचा सगळ्यात मोठा हार.

हार घालून झाला. कुंकवाची वाटी घेतली. नाकाच्या फर्म्याला मी उजव्या भुवईखाली बोटं लावतो, तिथं हात सहज पोचतो म्हणून. चार चौफेर लावली. पाचवं मधे लावलं. आणि माझं बोट तिथंच चिकटलं.

पत्र्यावर पाच गोल ठिपके होते. चार चौफेर आणि एक मधे.

मी खाली बसलो. बायको नैवेद्याचं ताट घेऊन आली, म्हणाली चक्कर आली का? मी नुसतं फर्म्याकडं बोट केलं. तिला काय कळणार? मला मात्र मागच्या खंडेनवमीचा पांढऱ्या शर्टातला एक माणूस स्पष्ट दिसायला लागला. कोण, कुठला, आजतागायत माहीत नाही. प्रसाद घेतला, फर्म्यांना हात जोडले आणि मोबाइल काढून म्हणाला, ‘फोटू घेऊ का देवाचा?’ आणि मी, चपलेवर डोळा ठेवणारा मी, त्याला म्हणालो होतो, ‘जरा मागं सरका, म्हणजे पूर्ण येईल.’ त्यानं फोटोवरून पत्रा कापला. कुंकवाची बोटं त्याला रिव्हेटची जागा वाटली. त्यानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे पाचही मारले.

दिवसभर लोक येत होते. मी प्रसाद देत होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी आपट्याची पानं खिशात घालून मी कडेगावकडं निघालो. दसऱ्याला सोनं द्यायला गेलं तर कुणी दार लावत नाही, हा हिशेब मनात होताच. वाटेत सगळी वाक्यं जुळवली. मिस्त्री, मी चुकलो. मिस्त्री, सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर माफी मागतो. तुमच्या घरच्यांसमोर मागतो.

दारात वहिनीच होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत बघून ओरडल्या, ‘आवं, मालक आल्यात बघा! सोनं द्याया एवढ्या लांब!’ मला वाटलं होतं तोंड फिरवतील. त्यांनी घोंगडी टाकली, पाणी आणलं, सुनेला पुरणपोळी वाढायला सांगितली. ‘म्या ह्यास्नी सारखी म्हनती,’ त्या म्हणाल्या, ‘धंदाय, काम कवा कमी, कवा जास्त. मालकांचा काय दोष? एकदा भेटून तरी या.’

मी मिस्त्रींकडं बघितलं. ते वाळले होते. मी तोंड उघडलं, ‘वहिनी, मला काय सांगायचंय, की त्या दिवशी...’

‘मालक, गाडीचा आवाज कसला येतोय तुमच्या?’ मिस्त्री उठले. ‘चला बघू.’

गाडीला काहीच झालं नव्हतं. बाहेर बोनेट उघडून ते आत वाकले, मीही वाकलो. मी खंडेनवमीचं सगळं सांगितलं, कुंकू, फोटो, पांढरा शर्ट. ते इंजिनाकडं बघत ऐकत होते. मधेच एकदा ‘हां, बोटं व्हय’ म्हणाले, आणि जरासे हसल्यासारखे झाले.

‘घरात म्या सांगितलंय, काम कमी झालं, मालकांनी नाविलाजानं बसीवलं. पिशवीचं कुनालाच ठावं न्हाई. तुमीबी त्येच सांगा.’

‘पण मिस्त्री, मला माफी...’

‘चोर न्हवतो म्हनून सांगायला आदी चोर म्हनलं हुतं ह्ये सांगावं लागतंय. नातवंडं हायत घरात.’

मी म्हटलं, परत या. तुमची किल्ली शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे, दुसऱ्या कुणाला दिली नाही. उद्या या. पाया पडतो. खरंच वाकलो मी, त्यांनी खांद्याला धरून थांबवलं.

‘आलो असतो वो. हात तर रोजच तिकडं पळतोय. पर सांजच्याला निगताना म्या आपनहून पिशवी उगडून दावीन. तुमी नगं म्हनशीला, तरी दावीन. ऱ्हावायचंच न्हाई मला. मग रोज तुमी मान खाली घालनार, म्या बी घालनार. ते नगं मालक.’

त्यांनी बोनेट लावलं आणि फडक्यानं हात पुसले. हाताला काहीच लागलं नव्हतं. मी खिशातली आपट्याची पानं त्यांना दिली, त्यांनी कपाळाला लावून वरच्या खिशात ठेवली. मला रडू येत होतं आणि वहिनी दारात उभ्या होत्या, म्हणून गाडीत बसलो.

वहिनी पायऱ्या उतरून खिडकीपाशी आल्या. पदराखालून पुरणपोळ्यांचा डबा काढून शेजारच्या सीटवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘मालक, काम वाढलं की ह्यास्नी इसरू नगा. घरात बसून लई झुरत्यात.’

मिस्त्री फाटकाला धरून माझ्याकडं बघत होते.

‘व्हय वहिनी,’ मी म्हटलं. ‘सध्या कामच नाही बघा काही. वाढलं की पहिला निरोप तुमाला.’

मिस्त्रींनी मान हलवली आणि फाटक उघडलं. कुपवाडला माझ्या शेडसमोर तेव्हा सहा गाड्या उभ्या होत्या.